टाकी कोण रिकामी करणार?

आरव्हीचं रील कसं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मागचं दार उघडतं, पांढरीशुभ्र चादर, चादरीवर लोळणारा कुत्रा, कुत्र्याच्या पलीकडे वाळवंट नाहीतर समुद्र, आणि कुणाच्या तरी हातात वाफाळता मग. खाली एक ओळ: भाडं नाही, बॉस नाही, नुसता रस्ता. अशी शेकडो रील मी पाहिली आहेत. त्यांत संडासाची टाकी दोनदा दिसली, दोन्ही वेळा विनोद म्हणून. २००६ साली रॉबिन विल्यम्सचा आरव्हीवरचा एक चित्रपट आला होता, त्यातही टाकी रिकामी करण्याच्या प्रसंगाला कारंजं उडतं आणि थिएटर हसतं.

हा लेख त्या टाकीबद्दल आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरका.

आम्ही दोघं निवृत्त. मी सहासष्ट, नवरा एकोणसत्तर. बत्तीस वर्षं ॲरिझोनात टेंपीला राहतो. गेल्या जानेवारीत एक चोवीस फुटी आरव्ही आठवड्यासाठी भाड्याने घेतली. ट्रकच्या पाठीवर वन रूम किचन बांधलं तर कसं दिसेल, तशी. ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळा, मागे पलंग, मधे ओटा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, आणि एक माणूस कोपरं अंगाशी धरून उभा राहील एवढं संडास-बाथरूम. सोबत आमची दोन कुत्री. काळू हा बारा वर्षांचा, लॅब्राडॉरचा काहीतरी मिश्र प्रकार, मागच्या पायांनी अधू. चिमी ही शेल्टरमधून आणलेली चिवावा, अडीच किलो वजन आणि अडीचशे किलोचा आव.

फिनिक्सहून पश्चिमेला दोनेक तासांवर क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. पण थंडी पडली की उत्तरेकडून, पार कॅनडातून, म्हातारी माणसं आपापली घरं चाकांवर घालून इथे उतरतात आणि वाळवंटात लाखांची जत्रा भरते. गावाच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी जमीन आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून राहता येतं. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या हंगामाचे १८० डॉलर, चौदा दिवसांचे ४०. त्या पैशांत मिळते ती जागा. तुमच्या गाडीपाशी वीज नाही, नळ नाही, गटार नाही. पाणी भरायचं ठिकाण, कचऱ्याचे डबे आणि टाकी रिकामी करायची सोय असते, तिथे गाडी घेऊन जायचं.

अशा जागी राहिलं की पहिल्या दिवशी सूर्यास्त दिसतो आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा हिशेब दिसायला लागतो. आमच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. सात दिवस, दोन माणसं, दोन कुत्री. दिवसाला एकवीस लिटर, सगळं मिळून. अमेरिकेत घरात राहणारा माणूस एकटा दिवसाला सरासरी ३०० लिटर वापरतो. तेव्हा आंघोळ म्हणजे अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. पाणी गरम होईपर्यंत जे थंड वाहतं तेसुद्धा पातेल्यात धरायचं आणि कुत्र्यांना पाजायचं. बंबातल्या एका बादलीत डोक्यावरून न्हाणाऱ्या पिढीला हे कठीण नाही. नवऱ्याला तर त्याचा अभिमानच वाटायला लागला. रोज संध्याकाळी टाकीचं बटण दाबून तो दिवे मोजायचा, एखाद्या शेतकऱ्याने विहिरीत डोकवावं तसा.

पण आलेलं पाणी कुठेतरी जातंही. गाडीच्या पोटात आणखी दोन टाक्या असतात. एक करडी: ओटा आणि आंघोळीचं पाणी. दुसरी काळी. तिच्यात काय असतं ते सांगायला नको. दोन्ही तिशीच्या आसपास गॅलनच्या. घरात साखळी ओढली, बटण दाबलं की विषय संपतो. इथे तो तुमच्या पलंगाखाली जाऊन बसतो आणि तुमच्यासोबत प्रवास करतो.

काळ्या टाकीचं स्वतःचं एक शास्त्र आहे. प्रत्येक वेळी पुरेसं पाणी सोडायचं, पाण्याची काटकसर इथे चालत नाही. विरघळणारा कागदच वापरायचा. आणि कायमच्या गटारजोडणीच्या जागी उभे असाल तरी खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. ठेवलात तर पाणी वाहून जातं, बाकीचं मागे राहतं आणि त्याचा सुळका उभा राहतो. आरव्हीवाले त्याला पिरॅमिड म्हणतात. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे सर्रास खोटं बोलतात, त्यामुळे अंदाज आपलाच.

पाचव्या दिवशी आम्ही टाकी रिकामी करायला गेलो. रांग होती. पुढे एक बसएवढी मोटारहोम, किंमत सहज एखाद्या घराएवढी. मागे गंज धरलेली जुनी व्हॅन. आमच्यात वाटणी अशी होती की गाडी नवरा चालवणार आणि टाकी मी बघणार, कारण त्याला कमरेतून वाकता येत नाही. माझे गुडघे दुखतात, पण वाकता येतं. हातमोजे घातले. मागच्या खणातून तीन इंची नळी काढली, गाडीच्या तोंडाला फिरवून बसवली, दुसरं टोक काँक्रीटमधल्या भोकात खोचलं आणि त्यावर दगड ठेवला. आधी काळी टाकी. दांडा ओढला की आवाज येतो, नळीच्या पारदर्शक कोपऱ्यातून जे जायचं ते जाताना दिसतं. ते थांबलं की व्हॉल्व्ह बंद. मग करडी टाकी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आतून धुतली जाते. नळी धुवायची, झाकणं लावायची, संडासात थोडं पाणी आणि औषध सोडायचं. दहा मिनिटं. वास येतो, हो. मरत नाही कुणी. माझ्या पुढच्या मोटारहोमचा मालक, डोक्यावर पांढरे केस, पायात भारी बूट, तोही गुडघ्यावर बसून हेच करत होता. मागच्या व्हॅनमधली बाई बादली घेऊन उभी होती. तिचे हातमोजे आणि त्याचे हातमोजे एकाच दुकानातले असावेत.

आता साताऱ्याला चला. आमच्या वाड्याला मागे एक बोळ होता. साठच्या दशकात आमच्याकडे टोपलीचे संडास होते. वर माणूस बसायचा, खाली डबा, आणि डब्याचं तोंड बोळात. सकाळी एक बाई पदर नाकावर बांधून बोळातून यायची, डबे उपसायची आणि मैला वाहून न्यायची. आम्हा मुलांना नियम एकच होता, तिकडे जायचं नाही. तिचं नाव घरात कुणालाही माहीत नव्हतं. तिचे खाडे मात्र सगळ्यांना पाठ होते.

क्वार्ट्झसाइटला हातमोजे काढताना मला ती बाई आठवली, पण मला तिथे भावुक व्हायचं नाही. मला त्या दोन वस्तूंची तुलना करायची आहे: आरव्हीची टाकी आणि वाड्याचा डबा. आरव्हीची टाकी ज्याने बनवली त्याला बनवतानाच माहीत होतं की ही गाडी घेणारा माणूसच ती रिकामी करणार आहे. म्हणून व्हॉल्व्हचा दांडा बाहेरून हाताला येईल असा आहे. म्हणून टाकीचा वायू छतावरून बाहेर सोडणारी नळी आहे. म्हणून तळाला तीन इंचाचं तोंड आहे आणि माणूस आत उतरेल असं तोंडच नाही. गुडघेदुखीच्या सहासष्ट वर्षांच्या बाईला दहा मिनिटांत, हाताला काही न लागता, हे काम करता यावं इतका विचार त्या प्लॅस्टिकच्या डब्यामागे झालेला आहे. वाड्याचा डबा ज्याने बनवला त्याला माहीत होतं की तो उपसायला कुणी दुसरं येणार आहे. म्हणून त्याला मूठसुद्धा नीट नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मुद्दाम चढ्या आवाजात मांडते आहे: आपल्याकडे माणसं गटारात मरतात ती यंत्रं नाहीत म्हणून मरत नाहीत. टाकी बांधणाऱ्याच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आणि बटण दाबून बाहेर पडणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 'कुणीतरी येईल' हे पक्कं बसलेलं असतं म्हणून मरतात. ते 'कुणीतरी' कोण, त्याची जात कोणती, हेही सगळ्यांना माहीत असतं.

कायदा आहे. हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३ साली बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्यायला सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे मधल्या नऊ वर्षांत मरण थांबलं नाही, भरपाई वाढली. २०१९च्या डिसेंबरात गोवंडीत एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या बायकांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. यंत्राचं म्हणाल तर केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोलमध्ये उतरणारा बँडिकूट नावाचा रोबो २०१८ सालीच रस्त्यावर आणला. आणि मैला ओढून घेणारा टँकर ही काही नवलाची गोष्ट नाही, तुमच्या-माझ्या गावातून तो फिरतो. तरी माणूस उतरतो. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते, त्यामुळे उतरणाऱ्याला धोका कळतही नाही. माझ्या आरव्हीच्या टाकीत थोडाफार का होईना, तोच वायू होता. तो छतावरच्या नळीतून ॲरिझोनाच्या आभाळात निघून जात होता, खाली आम्ही कांदेपोहे खात होतो.

कुत्र्यांकडे वळते, कारण रीलमध्ये चादरीवर तीच असतात. काळूला दिवसातून चारदा बाहेर न्यावं लागायचं, रात्री एकदा धरून पाच. तिथल्या वाळूत चोया नावाचं निवडुंग असतं, त्याचे काटेरी गोळे नुसतं जवळून गेलं तरी अंगाला चिकटतात. चिमीच्या पंजाला एक चिकटला. हाताने ओढलात तर तो हाताला लागतो, म्हणून केसांचा कंगवा खाली सरकवून उडवायचा असतो. इथले जुने लोक कंगवा खिशातच ठेवतात. चिमी त्यानंतर दोन दिवस उचलून घेतल्याशिवाय गाडीखाली उतरली नाही. हे सगळं गोड वाटतं आणि फोटोही छान येतात. पण चार गुणिले दोन कुत्री गुणिले सात दिवस, एवढ्या वेळा माझ्या किंवा नवऱ्याच्या खिशातून पिशवी निघाली, हात पिशवीत घालून जे उचलायचं ते उचललं, गाठ मारली आणि कचऱ्याच्या डब्यापर्यंत ती पिशवी हातात धरून चाललो. वाळवंट एवढं अफाट, कुणी बघत नाही, तरीही. पुण्या-मुंबईत आता कुत्र्यांची आई, कुत्र्यांचा बाबा म्हणवून घ्यायची पद्धत आहे. छान आहे. पण आईचं पहिलं काम कोणतं असतं ते कुठल्याही आईला विचारा. दर भेटीत मी सोसायट्यांच्या बाहेरचे फुटपाथ बघते. तिथे आईबाबा फोनमध्ये असतात, साखळी पगारी पोऱ्याच्या हातात, आणि जे पडतं ते सकाळी झाडणाऱ्या बाईच्या वाट्याला.

त्या बाईला आपण 'मावशी' म्हणतो. संडास धुणारीलाही मावशी. मलाही माझा पुण्याचा भाचा मावशीच म्हणतो. मराठीने नातं किती सहज देऊ केलं आहे बघा, आणि आपण त्या मावशीचा चहाचा कप अजून वेगळा ठेवतो.

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

पहिला: आठवडाभर स्वतःचा मैला ओतून बाई आम्हाला जातीवर प्रवचन देते. बरोबर आहे. हौसेने केलेलं काम आणि जन्माने गळ्यात मारलेलं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी हातमोजे काढले आणि माझी पेन्शन तशीच राहिली. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणण्यातला कावा बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात सोलून दाखवला आहे. ते काम थोर आहे असं सांगून ज्याच्या वाट्याला ते आलं त्याला तिथेच ठेवायचं, ही युक्ती जुनीच. मी ते काम थोर आहे असं म्हणत नाही. ते घाणेरडं आहे, कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ज्याचं त्याने करावं. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं, पुढे कणकवलीला गोपुरी उभी केली. मला त्यांच्या उपोषणापेक्षा पुढचा उद्योग महत्त्वाचा वाटतो: मैल्याला हात न लागता त्याचं खत कसं होईल, असा संडास कसा बांधावा, यात त्यांनी वर्षं घातली. उपोषणाने मन बदलत असेल. बोळातल्या बाईची पाटी उतरायला संडासाचा आराखडा बदलावा लागतो.

दुसरा आक्षेप: अमेरिकेचं एवढं कौतुक कशाला? कौतुक नाहीच. ला पोसाच्या रांगेतली ती व्हॅनवाली बाई हौसेने आली नव्हती. तिने सांगितलं, घरभाडं पेन्शनच्या वर गेलं तेव्हा तिने घर सोडलं आणि व्हॅन ठेवली. जेसिका ब्रूडरने २०१७ साली या माणसांवर 'नोमॅडलँड' लिहिलं, २०२०मध्ये त्यावर चित्रपट आला, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. त्यात फ्रान्सिस मॅकडॉर्मंड व्हॅनमधल्या बादलीवर बसते तो प्रसंग आहे. रीलवाल्यांनी तो चित्रपट पाहून त्यातले सूर्यास्त तेवढे उचलले. इथल्या बऱ्याच सरकारी कॅम्पांवर 'कॅम्प होस्ट' असतात, पुष्कळदा निवृत्त माणसं, फुकट जागेच्या किंवा थोड्या पैशांच्या बदल्यात राहणारी. सार्वजनिक संडास धुणं हे त्यांच्या कामांतलं एक. सत्तरीत लोकांचे संडास धुवायला लागणं हे स्वातंत्र्य नव्हे, आणि श्रीमंत देशाला ते शोभतही नाही. म्हणून मला 'नुसता रस्ता' म्हणणाऱ्या रीलचा राग येतो. त्या एकाच चौकटीत हौशी मोटारहोमवाला आणि घर गेलेली बाई दोघं सारखीच मोकळी दिसतात.

आमच्या नातेवाइकांनी तर फोटो बघून याला 'आधुनिक वानप्रस्थ' म्हटलं. वनात जाणारा माणूस जनरेटर घेऊन जात नसे. आमच्या गाडीने एका गॅलनमागे दहा मैलसुद्धा धड दिले नाहीत. त्यागाचा त्यात लवलेश नव्हता. मजा होती, आणि मजेला मजाच म्हणावं.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या आणि त्या उभ्या करायचे पार्क दोन्हींचा त्यात विचार आहे. ही चाकांवरची घरं आता आपल्या घाटांत आणि किनाऱ्यांवर दिसणार, आणि दिसू देत. आपल्या लोकांनी हिंडावं, कुत्री घेऊन हिंडावं, निवृत्त झाल्यावर तर नक्कीच. भाच्याने मला अशाच एका गाडीची जाहिरात पाठवली: एसी, टीव्ही, बार्बेक्यू, ड्रायव्हर आणि मदतनीस समाविष्ट. मी विचारलं, टाकी? त्याचं उत्तर लगेच आलं. 'मावशी, ते ड्रायव्हर लोक बघतात ना.'

इथेच सगळी गोम आहे. मालकाने स्वतः वाकायचं म्हणून जी टाकी इतकी शहाणपणाने बनवली गेली, ती आपल्याकडे येते तेव्हा तिच्यासोबत माणूस समाविष्ट होतो. मग व्हॉल्व्ह गळला तरी चालतं, नळी फाटली तरी चालतं, हातमोजे संपले तरी चालतं. रात्री बारा वाजता, पाहुणे झोपल्यावर, कुठल्या ओढ्याच्या पुलावर गाडी थांबते ते कोण बघतं? आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाची वस्ती असते ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा बुकिंग करताना वायफाय विचारता तसं हेही विचारा. डम्प स्टेशन कुठे आहे, त्याचं पाणी पुढे कुठे जातं. मुक्कामाच्या ठिकाणापासून ते किती किलोमीटर आहे. व्हॉल्व्ह गाडीच्या कुठल्या बाजूला आहे आणि तो मला दाखवणार का. समोरचा म्हणेल, सर, तुम्ही कशाला त्रास घेता. तरी विचारा. आणि गाडीत हातमोज्यांच्या जोड्या किती आहेत, तुमच्या मापाची एक आहे का, तेही.